शिष्यवृत्ती : अर्ज कुठे आणि कधी करावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आठ दिवस घराघरांत पेढ्यांची चंगळ असते. नवव्या दिवशी दुसरी बोलणी सुरू होतात. फी किती, बसभाडे किती, खोलीला किती, पुस्तकांना किती. पुष्कळ घरांत ही बोलणी मुलगी झोपली असे समजून रात्री होतात. ती झोपलेली नसते. श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या नवव्या दिवसाबद्दल.

मी खराडीचा रहिवासी. मुळा-मुठेच्या काठचे, नगर रस्त्यावरचे, हवेली तालुक्यातले हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत गेले. जिथे शेते होती तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत संगणकावर काम करणारी माणसे आहेत, तशीच दारावर पहारा देणारी, फरश्या पुसणारी, शेजारच्या बांधकामावर विटा वाहणारी माणसेही आहेत. यांतली कितीतरी मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेली. दोघांचीही मुले एकाच परीक्षेला बसतात आणि, सांगायला आनंद वाटतो, दुसऱ्यांची मुले काही मागे नसतात. मागे पडतात ती माहितीत.

आता हेच पाहा. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या आपल्या हद्दीतल्या मुलांना पुणे महापालिका पुढच्या शिक्षणासाठी पैसे देते. योजनेला मौलाना अबुल कलाम आझादांचे नाव आहे आणि रक्कम पंधरा हजार रुपये. बारावीनंतरच्या योजनेला अण्णाभाऊ साठ्यांचे नाव आहे, रक्कम पंचवीस हजार. खुल्या गटातल्या मुलांना ८० टक्के गुण हवेत. मागासवर्गीय, रात्रशाळेतली आणि महापालिकेच्या शाळांतली मुले यांना ७० पुरेत. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना ६५. अट एवढीच की मुलाने पुढे मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतलेला असावा आणि कुटुंब पालिकेच्या हद्दीत राहत असावे. वाघोलीकरांनी ध्यानात घ्यावे, त्यांचे गाव २०२१ पासून या हद्दीत आहे.

राहण्याच्या पुराव्यापाशी मात्र भाडेकरूंची गाडी अडते. विजेचे बिल घरमालकाच्या नावावर, रेशनकार्ड गावाकडचे, भाडेकरार तोंडी. अशा माणसाने जून उजाडण्याची वाट पाहू नये. भाडेकरार नोंदवून घ्यावा, आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा. घरमालक कां कूं करतो हे मला ठाऊक आहे. तरी दोनदा विचारावे, तिसऱ्यांदा शाळेतल्या गुरुजींना बरोबर न्यावे.

महापालिकेबाहेरच्या श्रोत्यांना वाटेल, हे पुणेकरांचे झाले, आमचे काय? तुमचेही आहे. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या आता महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरायच्या असतात. अनुसूचित जातींच्या मुलांची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती तर १९४४ पासून चालत आली आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासून. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. याच समाजातल्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. जेवण-राहण्याचा पैसा थेट मुलाच्या खात्यात जातो. इतरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी-सवलत आहे, मर्यादा आठ लाखांची, एका कुटुंबातल्या दोन मुलांपुरती. आणि आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण माफ झाली आहे. ही शेवटची गोष्ट मुलींच्या वडिलांनी पुन्हा एकदा ऐकावी. ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ या वाक्यातला अर्धा अधिक खर्च सरकारने उचललेला आहे.

पण यात एक मेख आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना ही सवलत मिळते ती सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून प्रवेश घेतला तर. संस्थेच्या कोट्यातून, ओळखीने, ‘आजच पैसे भरा, जागा पक्की’ म्हणून घेतलेल्या जागेला ती नाही. घाई करणारा एजंट हे सांगत नाही. पाच मिनिटांच्या घाबरटपणात वडील सही करतात आणि पुढची चार वर्षे फी भरत बसतात.

केंद्र सरकारचे वेगळे संकेतस्थळ आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्तीचे. बारावीला आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना तिथून पदवीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळू शकतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बरे का. शंभरांत ऐंशी मुले तुमच्या मागे असली म्हणजे तुम्ही ८० पर्सेंटाइलवर आलात. ऐंशी टक्के नाहीत म्हणून अर्जच न करणारी हुशार मुले मी दरवर्षी पाहतो.

आता कागदपत्रे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, लागू असेल तिथे जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर. पडताळणी सोडली तर बाकीचे सारे तहसील कचेरीतून किंवा सेतू केंद्रातून निघते, आणि निकालानंतर अख्खा तालुका तिथे रांग लावतो. जात पडताळणीला तर महिनेच लागतात. तेव्हा अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला लागा. तो बहुधा गावाकडे असतो, ट्रंकेत. नावाचे शुद्धलेखन सगळ्या कागदांवर एक आहे का, तेही त्याच वेळी पाहा. एका कागदावर ‘शिंदे’, दुसऱ्यावर ‘शिंधे’ असले, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे.

बँकेची गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण मंजूर झालेला पैसा इथेच वाट चुकतो. खात्याला आधार ‘जोडलेले’ असणे वेगळे आणि सरकारी पैसा त्या खात्यात जाण्यासाठी आधारची नोंद झालेली असणे वेगळे. या दुसऱ्या नोंदीत एका वेळी एकच बँक असते, शेवटी नोंदवलेली. मुलाने मध्येच कुठे मोबाइलवरून दुसरे खाते उघडले आणि संमतीच्या चौकटीत खूण केली, तर शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि आई जुने पासबुक भरून घेऊन रडकुंडीला येते. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा : माझ्या आधारवर सरकारी अनुदान आज कोणत्या बँकेत जाईल?

अर्ज भरला म्हणजे काम झाले, असेही नाही. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, मग खात्याकडे. त्रुटी निघाली की परत येतो, आणि परत आल्याची खबर ज्या मोबाइलवर येते तो बहुधा काकाचा असतो. आमच्या भागातल्या एका मुलीचा अर्ज असाच दीड महिना परत येऊन पडला होता. उत्पन्नाच्या दाखल्याचे एक पान उलटे चढवले गेले होते, एवढेच. वडील रात्रपाळीचे पहारेकरी. नंबर त्यांच्या मालकाच्या सुपरवायझरचा. मुदतीला दोन दिवस असताना तिने स्वतः संकेतस्थळ उघडून पाहिले म्हणून वाचली. दर रविवारी एकदा उघडून पाहावे. आणि दरवर्षी नूतनीकरण असते, ते विसरू नये.

मुदत हा शब्द किती जड आहे, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच घरचे आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली ते परत गेले आणि अभ्यास पुरा केला. पैसा संपला तरी दार बंद होऊ द्यायचे नाही, हे त्यांनी कागदावर करून घेतले. तुमच्या मुलालाही एखादे वर्ष अडचण आली, तर कॉलेज मुकाट्याने सोडू नये. प्राचार्यांना भेटावे, हप्ते मागावेत, जे ठरेल ते लेखी घ्यावे.

सरकारी पैशाला उशीर होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिला हप्ता येईपर्यंत पोराने खायचे काय? एके काळी पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते दिवस गेले, ते बरेच झाले. आज खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठी १९५५ साली डॉ. अच्युत आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहे पुण्यात आहेत. विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजना आहे, भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. ग्रंथालयात पुस्तके लावून, बागेला पाणी घालून तासाचा मोबदला मिळतो. यात कमीपणा मानणारी मुले भेटतात. त्यांना मी माझ्या वर्गातल्या पहिल्या तीन नंबरांची नावे सांगतो. त्यातला एक तरी या योजनेतला असतोच.

अर्जासाठी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागणारा किंवा मोबाइलवर आलेला आकडा विचारणारा भेटला, तर फोन ठेवून द्यावा. सेतू केंद्राचे ठरलेले शुल्क निराळे, त्याची पावती मिळते.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. मार्चमध्ये परीक्षा संपतात आणि निकालापर्यंत मुले मोकळी असतात. त्या दिवसांत एकदा, संध्याकाळच्या वेळी, म्हणजे पाळीवरून आलेल्या पालकांनाही येता येईल अशा वेळी, शाळेत सभा घ्यावी. ज्यांची अपार आयडी, आधार आणि शाळेच्या रजिस्टरातली नावे जुळत नाहीत त्यांची यादी त्याच दिवशी करावी, कारण शाळा सोडल्याचा दाखला एकदा हाती पडल्यावर त्यातली दुरुस्ती फार वेळ खाते.