रुग्णाला चालवून पाहा

वऱ्हाडात गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

परिषद अमरावतीच्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात न घेता संयोजकांनी ती कौंडण्यपुरात, वर्धेच्या काठी घेतली, याबद्दल आधी त्यांचे आभार. रुक्मिणीचं हे माहेर. ज्येष्ठात इथून तिची पालखी पंढरपूरला निघते आणि लोक महिनाभराहून अधिक चालतात. वाटेवर त्यांच्या पायाचे फोड बांधणारे, ओआरएसची पाकिटं वाटणारे तुमच्यापैकी कित्येकजण आज समोर बसले आहेत. म्हणजे माणूस कसा चालतो, हे रोज पाहणाऱ्यांची ही सभा आहे. मला विषय दिलाय ‘मध्यमेंदू आणि लहान मेंदू : रचना आणि विकार’. रचना तुम्ही पहिल्या वर्षी घोकलीत आणि दुसऱ्या वर्षी विसरलात, मीही तेच केलं. म्हणून सोमवारी सकाळच्या ओपीडीत उपयोगी पडेल तेवढीच रचना सांगतो.

मध्यमेंदू लांबीला जेमतेम दोन सेंटिमीटर. पण हातापायांना हुकूम नेणारे तंतू त्यातूनच खाली उतरतात. डोळ्यांच्या हालचालींच्या तिसऱ्या आणि चौथ्या नसांची केंद्रं तिथंच आहेत, आणि पार्किन्सनच्या आजारात झिजणारा काळा पट्टाही तिथलाच. इतकी दाटी असल्यामुळे लहानशी गाठ किंवा छोटासा झटका एकाच वेळी दोन ठिकाणी बोलतो : एका बाजूची पापणी पडते, बुबुळ मोठं होतं आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय लुळे पडतात. हर्मन वेबरने १८६३ साली वर्णन केलेलं हे चित्र आजही बदललेलं नाही. लहान मेंदूचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, अख्ख्या मेंदूच्या एक दशांश. मात्र मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास पेशी या दीडशे ग्रॅममध्ये राहतात. त्याचा दोष त्याच बाजूला दिसतो : डावा अर्धा बिघडला तर डावा हात चुकतो. आणि मधला भाग, ज्याला आपण व्हर्मिस म्हणतो, तो बिघडला तर हातपाय शाबूत राहतात, फक्त धड सावरत नाही.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. असा रुग्ण खाटेवर झोपवून तपासला तर सगळं ठीक निघतं. ताकद पूर्ण, बोट नाकाला नीट लागतं, टाच नडगीवरून सरळ उतरते. कागदावर आपण ‘नॉर्मल’ लिहितो. त्याला उठून बसवा, तो झुलायला लागतो. उभं करा, पाय फाकवतो. दहा पावलं चालवा, की नातेवाईक स्वतःहून सांगतात, ‘हेच ना डॉक्टर, दारू पेल्यावानी चालते, पण हा थेंबाले शिवत नाही.’ आपल्या दवाखान्यांत जागा नसते हे मान्य. तपासणीची खाट, टेबल, औषधांची खोकी, बाहेर रांग. मग दारात या. व्हरांड्यात चालवा.

आपल्याकडे रुग्ण म्हणतो ‘चक्कर येते’, आणि त्या एका तक्रारीवर आपण चार उत्तरं तयार ठेवली आहेत : बीपी लो झाला, पित्त झालं, अशक्तपणा आहे, मानेच्या मणक्यात गॅप आहे. शेवटच्या उत्तरासोबत गळ्यात पट्टा येतो. वऱ्हाडात मानेला पट्टा घालून फिरणाऱ्या माणसांची मान बहुतेकदा ठणठणीत असते, असं मी जरा चिडूनच म्हणतो. रुग्णाला एक प्रश्न विचारा : डोकं गरगरतं, की चालताना झोक जातो? गरगरणं बहुधा कानाचं असतं. बसल्याजागी डोकं शांत आणि उभं राहिलं की झोक, हे लहान मेंदूचं बोलणं असू शकतं.

गरगरणं थांबतच नसेल, तास न् तास चालू असेल, तर मात्र तेही साधं समजू नका. लहान मेंदूचा झटका असाच येतो, उलट्यांसह, हातापायांत लकवा नसताना. सीटी स्कॅन मागच्या भागात आंधळा असतो, पहिल्या दिवशी बहुधा काहीच दाखवत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या दोन दिवसांत चुकू शकतो. डोळ्यांची तीन टप्प्यांची तपासणी त्याहून जास्त खात्रीची ठरते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. रुग्णाची नजर तुमच्या नाकावर ठेवायला सांगा आणि त्याचं डोकं झटकन थोडंसं वळवा. कान बिघडला असेल तर डोळे मागे पडतात आणि मग उडी मारून परत येतात. सतत गरगरणाऱ्या रुग्णाचे डोळे जर जागचे हललेच नाहीत, तर कान बरोबर आहे, आणि काळजीची वेळ आली आहे. दोन्ही बाजूंना बघताना डोळ्यांच्या थरथरीची दिशा बदलते का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर राहतो का, हे पुढचे दोन टप्पे. अशा रुग्णाला ‘चक्करची गोळी’ देऊन घरी पाठवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सूज वाढून मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि बोलता-चालता माणूस बेशुद्ध होतो.

डोळे पाहण्याची परंपरा आपल्याला परक्यांकडून उसनी घ्यायची गरज नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकाराचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा वृत्तांत छापला. पिढ्यान् पिढ्या तोल जाणारी ही कुटुंबं. तोल जाण्याचे आनुवंशिक आजार त्याआधीही ठाऊक होते. वाडियांना वेगळं दिसलं ते डोळ्यांत : नजर एका वस्तूवरून दुसरीवर जाताना झेप घेण्याऐवजी रांगत जात होती. बघायचं असलं की रुग्ण आधी मान वळवायचा किंवा पापणी मिटायचा. सीटी नव्हता, एमआरआय नव्हता, जनुकचाचणीचं नाव नव्हतं. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ज्याचं जनुक सापडलं आणि जगाने ज्याला एससीए-२ म्हटलं, तो हाच आजार. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा साधारण बावीस वेळा येतो, रुग्णांत तो पस्तिशीच्या पुढे लांबतो आणि पुढच्या पिढीत अनेकदा आणखी लांबून आजार लवकर उगवतो. दोन बोटं समोर धरायची आणि ‘इकडे बघा, तिकडे बघा’ म्हणायचं, याला किती खर्च येतो?

डोळ्यांच्या उभ्या हालचालींचं केंद्र मध्यमेंदूत असतं. साठीनंतरचा एखादा गृहस्थ वारंवार पाठीमागे पडतो, पायऱ्या उतरताना चाचपडतो, ताटाकडे नजर खाली नेता येत नाही म्हणून वरण अंगावर सांडतो, तर तो पार्किन्सन म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात असण्याची शक्यता आहे, आणि गोळ्या लागू पडत नाहीत. हा निराळा आजार आहे, १९६४ साली टोरोंटोच्या तिघा डॉक्टरांनी वेगळा काढलेला. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर ठेवल्यावर हलतो आणि कप उचलला की थांबतो. लहान मेंदूचा कंप उलटा : कप ओठांजवळ येईल तसा हात जास्त हलतो आणि चहा सदऱ्यावर सांडतो. दवाखान्यातल्या पाण्याच्या ग्लासावर हा फरक कळतो.

फिटसाठी दिलेलं फेनिटॉईन लहान मेंदूला त्रास देतं, तेही लक्षात ठेवा. त्याचा डोस थोडाच वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. सकाळी उलटी करणारं आणि चालताना अडखळणारं मूल ॲसिडिटीवर ठेवू नका, त्याच्या डोळ्यांचा पडदा पाहा, गाठ असू शकते.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर इथवर आलो ते. ऊन.

मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेला तेव्हा अकोला जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करावं लागलं. दंगल नव्हती, ऊन होतं. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडतो. पण सगळा मेंदू सारखा बिघडत नाही. बोहेमियात जन्मलेल्या पुर्किन्ये यांनी १८३७ साली लहान मेंदूत ज्या मोठ्या फांद्यांच्या पेशी दाखवल्या, त्या उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतात. मालामुड, हेमेकर आणि कस्टर यांनी १९४६ साली उष्माघाताने दगावलेल्या १२५ जणांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास छापला, तेव्हापासून हे माहीत आहे. लहान मेंदूतून बाहेर जाणारा प्रत्येक हुकूम याच पेशींच्या लगामाखाली असतो, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

वाचलेल्या माणसाचं काय होतं, हे आपण सगळे पाहतो आणि फारसं लिहून ठेवत नाही. पऱ्हाटीच्या सरीत किंवा बांधकामावर पडलेला मजूर आणला जातो. सलाईन लागतं, ताप उतरतो, दोन दिवसांनी शुद्ध येते. घरचे नारळ फोडतात, आपण सुट्टी देतो. आठवड्याने तो परत येतो तेव्हा बोलणं जड, शब्द तुटक, बिडी पेटवताना काडी टोकाला लागत नाही, आणि भिंतीला धरून चालतो. कुणी म्हणतं अशक्तपणा, कुणी म्हणतं बाहेरचं. काहींचं महिन्यांत सुधारतं, काहींचं कायमचं राहतं. मजुराच्या घरात कायमचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

यावर नंतर देण्यासारखं औषध नाही. जे आहे ते पहिल्या अर्ध्या तासात आहे : थंड करणं. पॅरासिटामॉल इथं काम करत नाही, कारण हा जंतूंचा ताप नाही. काखेतलं तापमान फसवतं, गुदद्वारातून मोजा. घाम सुटलाय म्हणून उष्माघात नाही, असंही समजू नका. रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसतं सावलीत ठेवू नका. प्रत्येक शेतात ताडपत्री असते, चार जणांनी कडा धरल्या की तिचं टाकं होतं. त्यात पाणी आणि रसवंतीवरचा बर्फ टाका, माणसाला गळ्यापर्यंत त्यात ठेवा, डोकं वर धरा, आणि तापमान ३९ अंशांखाली येईपर्यंत काढू नका. आधी थंड करा, मग हलवा.

तेव्हा येत्या उन्हाळ्यासाठी माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मार्च लागण्याआधी प्रत्येक दवाखान्यात एक ताडपत्री आणि गुदद्वाराचा थर्मामीटर ठेवा, जवळच्या बर्फवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा. गावच्या आशाताई, रोजगारसेवक आणि पालखीचे चोपदार यांना ताडपत्रीची रीत एकदा करून दाखवा. आणि उष्माघातातून उठलेल्या प्रत्येक रुग्णाला सुट्टी देण्याआधी दहा पावलं चालवा, कप उचलायला सांगा, जे दिसेल ते केसपेपरवर तारखेसह लिहा. पुढच्या परिषदेला येताना ते केसपेपर सोबत आणा.