वाढ कशाची? : अपूर्णांकी वृद्धी आणि अव्यक्त राशी



दोन भागीदारांची एक पेढी आहे असे समजावे. त्यांपैकी एकाचे मूळ भांडवल चतुर्थांशाने वाढून ६०,००० रुपये झाले आहे. तो आता निवृत्त होत आहे. करार असा, की मूळ भांडवल त्याचे त्याला परत द्यावयाचे आणि वाढ दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावयाची. मुनीम ६०,००० चा चतुर्थांश, म्हणजे १५,००० रुपये, वाढ धरतो. मूळ भांडवल ४५,००० ठरवितो. जाणाऱ्याच्या हाती ५२,५०० रुपये पडतात. कोणी असत्य बोललेले नाही, वहीत खाडाखोड नाही. तरीही त्याचे दीड हजार रुपये बुडाले आहेत.

४५,००० मध्ये त्याचा चतुर्थांश मिळवून पाहिला तर बेरीज ५६,२५० येते. एवढा पडताळा घेतला असता तर चूक तेथेच उघडी पडली असती. वाढ झाली ती मूळ रकमेच्या चतुर्थांशाने. वजा केला गेला तो वाढलेल्या रकमेचा चतुर्थांश.

येथे बीजगणित साह्याला येते. ठाऊक नसलेल्या मूळ रकमेला ‘क’ म्हणावे. तिच्यात तिचाच चतुर्थांश मिळविला की ५क/४ होतात. हे ६०,००० बरोबर; म्हणून क = ४८,०००. वाढ १२,०००, आणि जाणाऱ्याचे येणे ५४,००० रुपये. चतुर्थांशाने वाढलेले पूर्वपदावर आणण्यास पंचमांश वजा करावा लागतो. तृतीयांशाने वाढलेले असेल तर चतुर्थांश. ज्यांनी बालपणी सव्वाकी घोकली, त्यांना ४८ ची सव्वापट ६० हे कागदाविना सुचते. ती पाठांतरे गेली, याची हळहळ वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

हा विचार जैन परंपरेस नवा नाही. स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय गणले आहेत, त्यांत अपूर्णांकांचे ‘कलासवर्ण’ आहे. इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात अपूर्णांकात त्याच्याच भागाची भर पडते त्या प्रकाराला ‘भागानुबंध’ व घट होते त्याला ‘भागापवाह’ अशी स्वतंत्र नावे दिली आहेत. रीत अशी: मिळवावयाच्या भागाचे अंश आणि छेद यांची बेरीज करून तिने मूळ अंशाला गुणावे, आणि छेदाने छेदाला. चतुर्थांशाच्या भरीसाठी वर ५, खाली ४. म्हणजे वरच्या समीकरणातील तेच ५/४. एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी अनुवादासह १९१२ साली मद्रासहून प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून तो हिंदी अनुवादासह निघाला.

एकामागून एक दोन वाढी आल्या की घोटाळा अधिक होतो. एखादा निधी प्रथम चतुर्थांशाने, नंतर पंचमांशाने वाढून १,५०,००० झाला, तर अनेकजण १/४ आणि १/५ यांची बेरीज करून ९/२० वाढ धरतात. परंतु दुसरी वाढ पहिल्या वाढीसह झालेल्या रकमेवर आहे. म्हणून क × ५/४ × ६/५, म्हणजे नेमकी दीडपट. मूळ निधी १,००,००० रुपये. पहिल्या वाढीनंतर १,२५,०००, आणि त्याचा पंचमांश २५,०००.

घटीचेही तसेच. १६० रुपयांच्या वस्त्राचा भाव चतुर्थांशाने चढवून २०० केला आणि मग ‘चतुर्थांश सूट’ अशी पाटी लावली, तर ते १५० ला विकले जाते. दुकानदाराला वाटते भाव पूर्ववत झाला, आणि संध्याकाळी गल्ल्यात प्रत्येक नगामागे दहा रुपये कमी भरतात.