आधी कागद, मग थुंकी



निमंत्रणपत्रिकेवर ‘डीएनए चाचणी आणि स्कॉटिश घराणी’ असा विषय छापला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: आधी कागद, मग थुंकी. (हशा) हसू नका, बहुतेक चाचण्यांसाठी नळीत थुंकावंच लागतं. नळी टपालात टाकली की काही आठवड्यांनी ‘तुम्ही इतके टक्के स्कॉटिश’ असा रंगीत नकाशा येतो. मग कॅनडातला एखादा गृहस्थ कुळाचं चौकटीचं कापड विकत घेतो आणि सरदाराचा वंशज म्हणून मिरवतो.

इथेच पहिली गफलत. क्लॅनमधली, म्हणजे कुळातली, सगळी माणसं एका रक्ताची नसत. सरदाराच्या आश्रयाला आलेलाही त्याचंच आडनाव लावी. उलट मॅक्ग्रेगरांचं बघा. १६०३ साली राजा सहाव्या जेम्सने मॅक्ग्रेगर हे नावच बेकायदा ठरवलं. मग कोणी ड्रमंड झाला, कोणी मरे. या कुळातला खुद्द रॉब रॉय आईचं कॅम्बेल आडनाव लावून वावरला. बंदी कायमची उठली १७७४ साली. तोवर कितीतरी घरं नव्या नावात मुरली होती. आज अशा एखाद्या ड्रमंडाचं वाय गुणसूत्र मॅक्ग्रेगरांशी जुळतं, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण नाव बदललं का, हे गुणसूत्र सांगत नाही. दत्तक असेल, भानगड असेल, राजाचा हुकूम असेल. ते कागदच सांगणार.

मागून कुजबुज ऐकू येतेय, वक्ता विज्ञानविरोधी दिसतो. नाही हो! सॉमरलेडचंच घ्या. ११६४ साली मारला गेलेला हा सरदार मॅक्डोनाल्ड, मॅक्डूगल, मॅक्अ‍ॅलिस्टर यांचा मूळपुरुष. भाटांनी त्याची वंशावळ आयर्लंडच्या राजांना नेऊन भिडवली होती. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी मॅक्डोनाल्डांच्या आजच्या कुलप्रमुखांचं वाय गुणसूत्र तपासलं, तर ते निघालं नॉर्सांच्या वळणाचं. म्हणजे ज्यांच्याशी लढून त्याने स्कॉटलंडची पश्चिमेची बेटं घेतली, त्यांचाच वंश! तुम्ही म्हणाल, कागद हरला. हरली ती भाटांची स्तुती. कुलप्रमुखांपासून मागे जाणाऱ्या शाखा कागदावर नसत्या, तर ते गुणसूत्र सॉमरलेडचं, हे ओळखलं कोणी असतं? त्याची हाडं काही कोणी तपासलेली नाहीत.

आणि कागद तरी कसले! स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद आहे. पहिल्या वर्षाचा जन्मदाखला बघत राहावा असा: आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती. हे ओझं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. मृत्यूच्या नोंदीत मात्र आईचं माहेरचं आडनाव राहिलं. थडग्यावरसुद्धा बाई माहेरच्या नावाने सापडते. (महिलांच्या बाजूने टाळ्या)

आईकडची साखळी शोधायला हेच उपयोगी पडतं, आणि त्यासाठी मला जरा सुरतेला जाऊन यावं लागेल. दोनच मिनिटं. थिओडोर फोर्ब्स हा अ‍ॅबर्डीनशायरचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेत होता. एलिझा केवार्क त्याच्या घरात राहत होती, तिच्यापासून त्याला मुलं झाली. तो व्यापारासाठी मुंबईला आला, ती सुरतेतच राहिली. तिथून ती पत्रं पाठवत राहिली. त्यांत गुजराती अक्षरं आहेत. त्याच्या कागदांत ती कोण? घर सांभाळणारी! मुलगी कॅथरिन, अगदी लहान, जहाजात बसवून स्कॉटलंडला धाडली. फोर्ब्स स्वतः १८२० साली मायदेशी निघाला आणि समुद्रावरच वारला. कॅथरिनची मुलगी, तिची मुलगी, अशी ही साखळी थेट राजकन्या डायनापर्यंत येते. २०१३ साली एडिंबरा विद्यापीठाचे जिम विल्सन यांनी डायनाच्या आईकडच्या दूरच्या नातेवाइकांची तपासणी केली. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा गट निघाला आर-३०-बी, जवळजवळ फक्त भारतीय उपखंडातला. घराण्यात तर एलिझा आर्मेनियन म्हणून सांगितली जाई. मग ती सारवासारव होती, असं म्हणायला लोक मोकळे! पण मायटोकाँड्रिया आई, तिची आई, तिची आई, एवढंच बोलतो. केवार्क हे आडनाव आर्मेनियन वळणाचं. बाप आर्मेनियन आणि आई इथली असेल, तर दोन्ही खरं. दहा पिढ्यांमागे पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय सांगतं त्यातल्या एकाचं, मायटोकाँड्रिया एकीचं. उरलेल्या १,०२२ जणांनी काय...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मला वाटलं वीस आहेत. (हशा) स्टुअर्ट घराणं राहिलं, व्हायकिंगही राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मार्क थॉमस यांनी ‘तुमचे पूर्वज व्हायकिंग’ छापाच्या दाव्यांना ज्योतिषाच्या पंगतीला बसवलंय, एवढं सांगून पुढे जातो.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आहे: मुलगा ग्लासगोत, सून मॅक्लाउड, नातवाची चाचणी करावी का? सुनेच्या माहेरचं वाय हवं असेल, तर नातवाची नको. त्याच्याकडे वाय आलंय ते तुमचं, आजोबा! (हशा, टाळ्या) मॅक्लाउडांचं हवं तर सुनेच्या वडिलांना थुंकायला सांगा, तिचे आजोबा हयात असतील तर त्यांनाही, कारण बाकीच्या गुणसूत्रांतले जुने तुकडे दर पिढीला निम्मे गळतात. आणि व्याह्यांना फोन कराल तेव्हा त्यांच्या आजीचं माहेरचं आडनाव आणि गाव नळी मागवण्याआधी विचारा. नुसतं ‘स्काय बेटावरची’ म्हणाले, तर पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, कुठली तेही विचारा, तिथे मॅक्लाउड ढिगाने आहेत. हो, हो, अध्यक्षमहाराज, बसलोच.