कण्हेर ओळखा



आज आम्ही तुम्हांला एका झुडपाची नीट ओळख करून देणार आहोत. झुडूप तुमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. ओढ्यात आहे, देवळापुढे आहे, हमरस्त्याच्या मधल्या पट्टीतही आहे. त्याचे नाव कण्हेर. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, कण्हेर कोणाला ठाऊक नाही?" खरे आहे. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि ओळख असणे वेगळे. हे झुडूप जितके देखणे, तितकेच विषारी. म्हणून त्याची ओळख पक्की हवी.

कण्हेरीचे खरे घर म्हणजे नदी-ओढ्याचे पात्र. दगडगोट्यांच्या फटीत ती मूळ धरते. एका बुंध्याऐवजी तिला जमिनीपासूनच पुष्कळ काठ्या फुटतात. या काठ्या लवचीक असतात. पूर आला की त्या वाकतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभ्या राहतात. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, तरी कण्हेर हिरवीच. असे का? तिची मुळे वाळूखालच्या ओलीपर्यंत जातात. शिवाय पान जाड, चिवट असते. पानाची सूक्ष्म छिद्रे खालच्या बाजूला खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही.

आता ओळखीच्या खुणा पाहू. पहिली खूण पानांची. पान लांब, अरुंद, टोकदार. फांदीवर एकाच पेरावर बहुधा तीन पाने येतात. मधली शीर ठळक दिसते. दुसरी खूण फुलाची. फांदीच्या टोकाला फुलांचा झुबका येतो. साध्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि मध्यभागी झालरीसारखे तुरे असतात. तिसरी खूण शेंगेची. शेंगा लांब, बारीक आणि जोडीने येतात. वाळून उकलल्या की आतून केसाळ बी वाऱ्यावर उडते.

कण्हेरीचे प्रकार फुलांवरून ओळखतात. ओढ्यातली रानकण्हेर बहुधा गुलाबी आणि एकेरी पाकळ्यांची असते. बागेत पांढरी, तांबडी आणि दुहेरी पाकळ्यांची गुलाबी कण्हेर लावतात. दुहेरी फूल लहानशा गुलाबासारखे भरगच्च दिसते. रंग निरनिराळे असले तरी जात एकच. पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्याकडची सुवासिक कण्हेर वेगळ्या जातीची मानीत. आता ती वेगळी मानीत नाहीत. एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवा तोच रंग पाहिजे असेल तर छाट लावावी. बियांपासून आलेल्या रोपाला मूळ झाडासारखेच फूल येईल असा भरवसा नाही.

दोन झाडांशी मात्र घोटाळा होतो. एक पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. हिचे फूल घंटेसारखे, पान जास्त बारीक. पाने तीन-तीन न येता एकेक येतात. हिला शेंग नसते, हिरवे टणक फळ असते. पोरे त्या बियांनी खेळतात. तो खेळ बंद करा, कारण बिट्टीही जहाल विषारी आहे. दुसरे झाड बेशरम. तेही पाण्याकाठी वाढते आणि गुलाबीच फुलते. पण त्याचे पान बदामी आकाराचे, खोड पोकळ आणि फूल कर्ण्यासारखे, पाकळ्या जुळलेले असते. तेही गुरांना, शेळ्यांना बाधते. ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली. ओढ्यातली कण्हेर मात्र आपल्या इथलीच.

आता विषाविषयी. संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात. तिचे दुसरे नाव अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. आपल्या पूर्वजांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे. पान, फूल, साल, मूळ, बी, सारे विषारी. रंग कोणताही असो, विष आहेच. ते हृदयावर घाला घालते. उलट्या होतात, पोटात दुखते, चक्कर येते, नाडी मंद आणि अनियमित होते. केरळात २०२४ साली कण्हेर पोटात गेल्याने एक तरुणी दगावल्याची बातमी आली. त्यानंतर तिथल्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्यात आणि प्रसादात ही फुले वापरणे बंद केले. आपणही फूल देवाला वाहावे, पण ते प्रसादाच्या ताटात पडू देऊ नये.

हिरवे पान कडू, म्हणून गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. पण छाटलेली, सुकलेली पाने ती चाऱ्याबरोबर खातात. आणि पान वाळले म्हणून विष जात नाही! म्हणून कुंपण छाटले की डहाळ्या गोठ्याजवळ किंवा पाणवठ्यावर टाकू नका. खड्डा करून पुरा. चुलीत घालू नका, धूरही बाधतो. शेतावर कणीस भाजायला किंवा दात घासायला कण्हेरीची काडी घेऊ नका. कण्हेर हाताळल्यावर हात धुवा.

कोणाच्या पोटात ती गेलीच, तर मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढीत बसू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि तडक दवाखाना गाठा. जाताना त्या झुडपाची एक डहाळी पिशवीत घालून न्या. काय खाल्ले हे डॉक्टरांना लगेच कळेल. जनावराने खाल्ले असेल तर गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

मग काय, कण्हेर उपटून टाकायची? मुळीच नाही. ती ओढ्याची माती धरून ठेवते, थोड्या पाण्यावर फुलते, काही फुलपाखरांच्या अळ्या तिच्याच पानांवर पोसतात. तिला तिच्या जागी राहू द्या. उद्या ओढ्यावर जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. तीन पाने, पाच पाकळ्या, जोडशेंग, या तीन खुणा दाखवा. आणि सांगा, "बघायची, पण तोंडात घालायची नाही."