मनाचे दुखणे आणि आपला धर्मग्राम

(सुवर्णमहोत्सवापूर्वीच्या तीन दिवसांच्या प्रार्थनेत दुसऱ्या सायंकाळी दिलेले व्याख्यान)



पन्नासावे वर्ष पाळण्याची चाल फार जुनी आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस अशी आज्ञा झाली आहे की, पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे जो दुसऱ्याच्या घरी राबत पडला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या माणसांत यावे. त्या शिंगास हिब्रू भाषेत जे नाव आहे, त्यावरूनच ज्युबिली हा शब्द निघाला. अडकून पडलेल्या माणसाची सुटका, हा ज्युबिलीचा मूळ अर्थ होय.

आपल्या देवळास नवा रंग लागला, मांडव उभा राहिला, पन्नास वर्षांत किती बाप्तिस्मे व किती विवाह झाले याची गणती या स्मरणिकेत छापली जात आहे. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु धर्मग्रामाच्या कोणत्याही वहीत नोंद नसलेली काही माणसे आम्हांस ठाऊक आहेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्याकरिता आम्ही घरोघर जातो, तेव्हा गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब यांची हकिगत घरचे लोक सविस्तर सांगतात. मागच्या खोलीतील मुलीविषयी विचारले, तर मात्र "ती झोपली आहे, फादर," एवढेच उत्तर मिळते. आज आम्ही त्या मागच्या खोलीविषयी बोलणार आहो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, दुःख म्हणजे रोग नव्हे. लाझाराच्या कबरेपाशी प्रभू येशूने अश्रू ढाळले. आप्त वारले, पीक बुडाले, ठरलेले लग्न मोडले, तर मन खिन्न होणारच. तसे न होईल तरच नवल. असल्या दुःखास काळ, शेजार आणि प्रार्थना ही औषधे पुरतात. परंतु केव्हा केव्हा दोन आठवडे लोटले, महिना लोटला, तरी खिन्नता हटत नाही. आवडीच्या कामात रस राहत नाही. पहाटे तीन वाजता झोप उडते ती पुन्हा लागत नाही. अन्न नकोसे होते. जपमाळ हाती घेतली तर पहिल्या दशकातच मन सुटते. आपण कुचकामाचे आहो, आपल्या पायी घरच्यांस ओझे झाले, असा विचार डोक्यात घर करून बसतो. हा रोग होय. कोणास एकाएकी छाती धडधडून श्वास कोंडतो आणि आता मरण आले असे वाटते. कोणास नसलेले आवाज ऐकू येतात. एखादी बाळंतीण बाळाकडे पाहून रडत राहते आणि सासरची माणसे तिला नाटकी म्हणतात. पुरुषांची रीत निराळी. ते रडत नाहीत, गुत्त्यात जाऊन बसतात. दारूने चार घटका बरे वाटते, आणि मग तीच दारू खिन्नता दुणावते. आपल्या गावात ज्यांस आपण केवळ दारुडे म्हणून हिणवतो, त्यांतील कित्येक आधी दुःखी होते आणि मग दारुडे झाले, असे आमचे निरीक्षण आहे.

अशा माणसास भाविक लोक पहिली गोष्ट सांगतात ती ही की, तुझा विश्वास कमी पडतो. हे बोलणे पवित्र शास्त्रास धरून नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय उघडून पाहा. कार्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळविणारा एलिया संदेष्टा दुसऱ्याच दिवसांत जीव घेऊन पळाला, सोबतच्या चाकरास मागे ठेवून एकटाच रानात शिरला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. परमेश्वराने त्यास काय केले? रागे भरला नाही, की उपदेशही केला नाही. एलियास झोप लागू दिली. मग देवदूताने त्यास हात लावून उठविले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला आणि पुन्हा निजला. देवदूत पुन्हा आला, पुन्हा जेवू घातले, आणि पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे एवढेच म्हणाला. संभाषण झाले ते चाळीस दिवसांनंतर, होरेब पर्वतावर. आणि तेथेही, मी एकटाच उरलो असे म्हणणाऱ्या एलियास देवाने कळविले की आणखी सात हजार लोक आहेत, आणि अलीशा हा सोबती नेमून दिला. झोप, अन्न, स्पर्श, सोबत, हा क्रम आमच्या उपदेशकांनी पाठ करावा. आपण बहुधा उलट टोकाने, उपदेशाने आरंभ करतो.

संतांच्या चरित्रांतही हेच दिसते. संत इग्नाती लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे राहिले असता, एकदा कबूल केलेली पापे पुनःपुन्हा आठवून इतके छळले गेले की, खोलीतील भगदाडातून उडी टाकावी अशी इच्छा त्यांस वारंवार होई. देव शांती देईपर्यंत खायचे नाही, असे म्हणून त्यांनी आठवडाभर उपवास केला. कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूने तो उपवास मोडावयास लावला. इग्नातींनी आज्ञा पाळली, आणि पुढे त्या छळातूनही सुटले. या अनुभवांतून त्यांनी एक नियम घालून दिला. मनावर अंधार असताना, उजेडात केलेला निश्चय बदलू नये. हा नियम एकांतसाधनेस बसणाऱ्यांकरिता सांगितला असला, तरी आमच्या मते तो शेतकऱ्यासही तितकाच लागू आहे. खिन्नतेच्या भरात वाडी विकू नये, नोकरी सोडू नये, सोयरीक मोडू नये. सकाळ होऊ द्यावी, कोणाशी बोलावे, मग ठरवावे.

आणखी एक उदाहरण सांगतो. ते सांगताना आम्हांस विशेष समाधान वाटते. बाळ येशूची संत तेरेजा आपणां सर्वांस प्रिय आहे. तिचे वडील लुई मार्तां हे घड्याळजी होते. पत्नीच्या पश्चात त्यांनी पाच मुली वाढविल्या, आणि त्या पाचही जणी संन्यासिनी झाल्या. म्हातारपणी त्यांच्या मेंदूस विकार जडला. ते घर सोडून निघून जात, भलतेच बोलत. अखेर १८८९ सालच्या फेब्रुवारीत त्यांस कां या शहरातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि तेथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. गावातील लोक कुजबुजले की, लाडकी लेक मठात गेली म्हणूनच बापाचे डोके फिरले. तेरेजेने हे सर्व मठाच्या भिंतीआड ऐकले आणि सोसले. त्याच लुई मार्तां यांस, त्यांच्या पत्नीसह, २०१५ साली १८ ऑक्टोबर रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले. आपल्या वसईकडे कोणाची थट्टा करावयाची झाली म्हणजे "ह्याला ठाण्याला पाठवा" असे म्हणतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. म्हणजे ही थट्टाही पुष्कळ पिढ्यांची आहे. ती करताना एवढे आठवावे की, आपण वेदीवर ज्यांची नावे घेतो त्यांतील एक जण तशाच एका घरातून आला आहे.

आता उपचारांविषयी. बेन सिराक याच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास शिकवितो. वैद्यास देवानेच निर्माण केले आहे आणि औषधे त्यानेच जमिनीतून उगविली आहेत, असा त्याचा भावार्थ आहे. (आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलात हा ग्रंथ नाही, पण आपल्या बायबलात असून आपण तो वाचत नाही, हे अधिक वाईट.) मनाच्या रोगावर औषधे आहेत, तसेच जाणत्या सल्लागाराशी ठरावीक काळ बोलत राहण्याचा उपचारही आहे. औषधाचा गुण येण्यास बहुधा काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या फेकून देऊ नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांस न विचारता एकाएकी बंदही करू नयेत.

येथे आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. काही घरांतून आजाऱ्यास आधी भगताकडे नेतात, तेथून साधत नाही तेव्हा प्रार्थनाशिबिरात नेतात, आणि तेथे कोणी गोळ्या सोडावयास सांगितले की त्या सोडतात. प्रार्थना करावी, अवश्य करावी. परंतु प्रार्थनेचे नाव सांगून औषध बंद करण्याचा अधिकार कोणा उपदेशकास नाही, आम्हांसही नाही. भूतबाधेच्या बाबतीत ख्रिस्तसभेची आज्ञा अशी आहे की, हा आजार तर नव्हे ना याची खात्री आधी करून घ्यावी, आणि तो गंभीर विधी बिशपसाहेबांच्या परवानगीने नेमलेल्या धर्मगुरूनेच करावा. कुमसाराविषयीही असेच. पापाची क्षमा तेथे खचित मिळते. पण तेच तेच पाप, क्षमा झाल्यावरही, दर आठवड्यास थरथरत येऊन सांगणाऱ्या माणसास कुमसाराबरोबरच डॉक्टरांची गरज असते, आणि तसे त्यास सांगणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे.

आता जी गोष्ट देवळात मोठ्याने कोणी बोलत नाही, ती बोलतो. या पन्नास वर्षांत आपल्यातील काहींनी आपल्या हाताने जीव दिला. त्यांचे आईबाप, त्यांच्या विधवा, त्यांची मुले या बाकांवर बसतात. १९१७ सालच्या धर्मसंहितेप्रमाणे, जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई, आणि त्या नियमाची सावली अद्याप लोकांच्या जिभेवर आहे. १९८३ सालच्या धर्मसंहितेत तो उल्लेख उरला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, २२८२ व २२८३ या परिच्छेदांत, असे शिकविले आहे की, मनाचा गंभीर विकार, तीव्र यातना किंवा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते. त्याच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. देवास ठाऊक असलेल्या मार्गांनी देव त्यास पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. आणि ख्रिस्तसभा त्यांच्याकरिता प्रार्थना करते. जीव देणे उचित आहे असा याचा अर्थ नव्हे. प्राण देवाचा आहे, आपण त्याचे राखणदार आहो. पण न्याय करण्याचे आसन आपले नव्हे. या देवळात अशा मृतांचा अंत्यविधी पूर्ण मिस्सेसह, घंटेसह, भर दिवसा होईल, आणि मृतांच्या महिन्यात त्यांची नावे इतरांच्या नावांबरोबर वाचली जातील. ज्यांस हे रुचत नसेल त्यांनी आमच्याकडे येऊन बोलावे, त्या घरच्यांपाशी बोलू नये.

जिवंत असलेल्यांस राखावयाचे ते असे. कोणाच्या बोलण्यात, मी नसतो तर बरे, असे वारंवार येऊ लागले, तर सरळ विचारावे: "बाबा, जीव देण्याचा विचार मनात येतो काय?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे, उलट पुष्कळांस कोणी विचारले याचेच हलके वाटते. मग त्यास एकटे सोडू नये. वाडीतील फवारणीचे विष कुलपात ठेवावे, किल्ली दुसऱ्या घरी द्यावी. ती घातक घटका पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. तेवढी टळली तर माणूस वाचतो. शासनाने २०२२ सालच्या ऑक्टोबरापासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला आहे. रात्रंदिवस, विनाखर्च, मराठीतही तेथे बोलता येते. पोलिसांच्या भयाने कोणी इस्पितळात नेण्यास विलंब करू नये. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसास तीव्र ताणाखाली असलेला मानून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले, आणि केवळ जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा सांगणारे जुने कलम १ जुलै २०२४ पासून उरलेले नाही.

आणि धर्मग्रामाने काय करावे? बेल्जम देशात गेल नावाचे गाव आहे. तेथे संत दिम्फना हिचे देऊळ आहे. तिचा सण १५ मे रोजी येतो, आणि मनोरुग्णांची ती आश्रयदात्री मानली जाते. मध्ययुगात लोक आपले वेडसर आप्त घेऊन तेथे यात्रेस येत. देवळालगत जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपापल्या घरी ठेवून घेतले. ते शेतात जात, मुले सांभाळीत, घरच्यांबरोबर ताटास बसत. कोणी बरे होत, कोणी जन्मभर तसेच राहत. पण बरे होणे ही घरात राहण्याची अट नव्हती. १९३८ साली त्या गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे घरोघर राहत होते. आज संख्या फार कमी झाली असली, तरी ती रीत चालू आहे. ते शेतकरीच होते, विद्वान वैद्य नव्हते.

आम्ही तुम्हांस परक्यांस घरी आणा असे सांगत नाही; स्वतःच्याच घरातील माणसास मागच्या खोलीतून ओटीवर आणा, एवढेच सांगतो. त्याला नावाने हाक मारा. फुले खुडावयास, केळीस पाणी सोडावयास बरोबर न्या. काम अर्धे झाले तरी चालेल. लग्नाचे आमंत्रण देताना त्याचेही नाव घ्या. शेजाऱ्यांनी, "आता कसे वाटते?" असे दहा वेळा विचारण्यापेक्षा एकदा कालवणाची वाटी घेऊन जावे व थोडा वेळ काही न बोलता बसावे. राखण करणाऱ्या आईस किंवा बायकोस आठवड्यातून एक दुपार मोकळी करून द्यावी; तिचेही मन थकते, आणि तिची चौकशी कोणी करीत नाही.

येत्या रविवारी महोत्सवाच्या मिस्सेनंतर मांडवात सर्वांचे जेवण आहे. मागच्या खोलीतील माणसाचे पान त्यात धरले आहे. चालवत नसेल, गर्दीचे भय वाटत असेल, तर शनिवारी सायंकाळपर्यंत आम्हांस कळवावे. गाडी पाठवू, गर्दी नको असेल तर शाळेच्या पडवीत वेगळे बसण्याची सोय केली आहे. तेथे आम्ही त्यांच्याच पंगतीस बसू.