पोलीस येईपर्यंत

(गुलमंडीच्या सभेत गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



मी चौथी शिकलेला, साच्यावरचा माणूस. वक्ता नव्हे. पण ज्या गुलमंडीत आपण आज जमलो आहोत, तिच्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही.

11 मे 2018 ची रात्र आठवा. मोतीकारंजाकडे बेकायदा नळ तोडण्यावरून भांडण उठलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. बघता बघता शहागंज, राजाबाजार, ही आपली गुलमंडी, सगळीकडे दगड आणि आग. दोन जीव गेले. दुकानं जळाली, गाड्या जळाल्या. मग जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. आणि त्या वेळी शहराला पूर्ण वेळ पोलीस आयुक्तसुद्धा नव्हता! मार्चमध्ये कचऱ्यावरून मिटमिट्याला जे घडलं, त्यानंतर आयुक्तांना सक्तीच्या रजेवर धाडलं होतं. खुर्ची दुसऱ्याच्या हवाली.

पण पोलिसांना बोल लावून मी मोकळा होणार नाही. माझ्या शेजारच्या साच्यावर एक मुसलमान भाऊ आहे. नाव घेत नाही. दंगलीनंतर तीन दिवस तो कामावर आला नाही. त्याचं घर मला ठाऊक, ईदेला शिरखुर्मा खाल्लेलं घर. मी गेलो नाही. भ्यालो. चौथ्या दिवशी तो आला. मी विचारलं, "ठीक ना?" "हौ," म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुसरीकडे जाऊन बसला. तो आजवर तिकडंच बसतो.

आता आपल्या आज्यांच्या वेळचं ऐका. 1947-48 साली निजामाच्या राज्यात रझाकारांनी गावंच्या गावं लुटली आणि निजामाचे पोलीस बघत राहिले. सप्टेंबर 1948 मध्ये फौज आली, 17 तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर सूड निघाला तो मात्र ज्यांनी काही केलं नव्हतं अशा गरीब मुसलमानांवर. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा इथं सगळ्यात जास्त. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला धाडलं. त्यांचा अहवाल सरकारनं कितीतरी दशकं कुलपात ठेवला. लुटीत काही ठिकाणी गणवेशातली माणसंही होती, असं त्यात आहे. पण गड्यांनो, त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या काळजात बसली. काही गावांत हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांसाठी हिंदू हल्लेखोरांपुढे उभे राहिले. काहींनी त्यात जीवही दिला. एक धंदा करणारी माणसं एकमेकांना जास्त धरून राहिली, असं चौकशीवाल्यांनी मुद्दाम नोंदवलं. विणकर! म्हणजे आपलेच पूर्वज की.

आणि भिवंडी? यंत्रमागाचं गाव. 1970 ला पेटलं, 1984 ला पुन्हा पेटलं. मग 1988 साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथं आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान, सोबत त्या भागातले पोलीस. दंगल नसतानाच बैठक! विषय काय, तर भांडणं. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, नवरा-बायकोचं भांडण. त्यातून हवालदाराला माणसं कळली आणि माणसांना हवालदार. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आपल्याकडंही नळावरूनच सुरुवात झाली म्हणतात ना? तेव्हा बसायला अशी एक बैठक असती तर?

म्हणून आपली मागणी पोलीस ठाण्याकडे आहे, आणि आपल्या स्वतःकडेही. साहेब बदलला की समिती मोडते, म्हणून तिचा अर्धा भार गिरणीनं उचलायचा. दर खात्यातून दोन माणसं, एक हिंदू, एक मुसलमान. महिन्यातून एकदा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, पाळी सुटल्यावर बसायचं. ठाण्यातल्या माणसाला बोलवायचं. नाही आला तरी बसायचं.

खाली कागद ठेवला आहे. पहिलं नाव माझं लिहा. त्याच्यापुढची जागा मोकळी सोडा. उद्या पाळी सुटली की मी त्याच्या घरी विचारायला जाणार आहे.