शिडाची बोट, आम्ही चौघी आणि पाच भोंगे

चुलीवरचं उतरवून, भांडी आवरून बसला असाल. बसा निवांत. मी मूळची माण तालुक्यातली. नर्सिंग शिकले आणि नोकरीनिमित्त इंग्लंडला, साउदॅम्प्टन नावाच्या बंदराच्या गावी गेले. सध्या रजेवर आलेय. रेडिओवाल्या ताई म्हणाल्या, तिकडचं काहीतरी सांगा. दवाखान्याचं सगळेच सांगतात, म्हणून मी समुद्राचं सांगणार आहे. २०१९ सालचा एक उन्हाळा मी मैत्रिणींबरोबर शिडाच्या बोटीवर काढला, त्याची ही गोष्ट.

आता माणदेशी बाईचा आणि समुद्राचा काय संबंध? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. पोहायला शिकले तेही आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हितं प्यायला पानी न्हवतं, आता तितं बुडायला निगालीस व्हय?"

आमच्या वॉर्डात केरळची एक नर्स होती, आलप्पुळाकडची, पाण्याकाठी वाढलेली. तिनेच मला ओढलं. तिसरी एक इंग्रज सुईण. आणि बोट होती एका निवृत्त शिक्षिकेची. सत्तरीच्या जवळ आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना आम्ही दोघी 'बाई' म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचं. शिडाची बोट म्हटलं की श्रीमंतांचा थाट डोळ्यांपुढे येतो. तसेही लोक असतात. पण बाईंची बोट होती वेस्टर्ली सेंटॉर जातीची, फक्त २६ फुटी, चाळीस वर्षांहून जुनी, फायबरची. जुन्या मोटारगाडीच्या किमतीत घेतलेली. तिला खाली एकाऐवजी दोन कणे असतात, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं तरी ती चिखलात सरळ उभी राहते, बाजेसारखी. आत चार माणसं झोपतील एवढी जागा, दोन चुलींचा गॅस आणि उंच माणसाला वाकूनच उभं राहावं लागेल असं छप्पर.

साउदॅम्प्टनसमोर आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्याच्या पट्ट्याला सोलेंट म्हणतात. लांबी साधारण तीस किलोमीटर. या पट्ट्यात उन्हाळ्यात एवढी शिडं असतात, की लांबून वाटावं कुणी धुणं वाळत घातलंय. बेटावर काउझ नावाचं गाव आहे, तिथे १८२६ पासून ऑगस्टच्या सुमाराला शर्यती होत आल्या आहेत. मधोमध ब्रॅम्बल नावाचा वाळूचा उथळ पट्टा आहे. वर्षातल्या अगदी मोठ्या ओहोटीला तो तासभर उघडा पडतो, तेव्हा दोन क्लबांचे लोक होड्यांतून जाऊन त्यावर क्रिकेट खेळतात. पायाखाली डबकी, आणि भरती आली की खेळ खलास! हा ब्रॅम्बल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिडाची बोट चालते कशी, ते मला कळलं खळ्यावरच्या उफणणीमुळे. उफणताना आपण काय करतो? पाटी उचलायच्या आधी वारा कुठून येतोय ते गालाने बघतो. बाईंनी मला पहिल्या दिवशी तेच सांगितलं. डोळे मीट, तोंड फिरव. दोन्ही कानांवर सारखा वारा लागला की समोर वारा. मी ते एका मिनिटात केलं आणि सुईणीला चार दिवस जमेना, तेव्हा जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही. तिला आधी डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं न्यावं लागतं. घाटाचा रस्ता चढतो तसं. आणि वारा पाठीमागून असला की सगळं सोपं वाटतं. बोट वाऱ्याबरोबरच पळत असते, म्हणून अंगाला वारा लागतच नाही. ऊन छान लागतं, चहा प्यावासा वाटतो. खरा धोका तिथेच असतो, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

गावच्या क्लबाच्या शर्यती बुधवारी संध्याकाळी असायच्या. तिकडे जून-जुलैत रात्री नऊनंतरही उजेड असतो. ड्यूटी संपवून धावत जायचं. सुरुवातीला भोंगा आणि झेंडा. पाच मिनिटं राहिली, चार राहिली, एक राहिली, निघा. रेषेच्या अलीकडे बोटी घिरट्या घालतात, आणि भोंग्याआधी रेषा ओलांडली तर मागे येऊन पुन्हा निघायचं. नव्या वेगवान बोटींबरोबर आमची म्हातारी कशी टिकणार? तर प्रत्येक बोटीला तिच्या ताकदीप्रमाणे आकडा दिलेला असतो आणि शेवटी वेळेचा हिशेब त्यावर करतात. आम्ही अर्ध्या तासाने मागून पोचून एकदा चौथ्या आलो होतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की पाण्यावर पंच नसतो. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, डाव्या अंगाने वारा घेणारीने बाजूला व्हायचं. समोरून "स्टारबोर्ड!" अशी आरोळी आली की आपण वळायचं. चुकून कुणाची वाट अडवली, तर आपणच बाजूला जाऊन बोटीसकट दोन गिरक्या घ्यायच्या. शर्यतीच्या खुणेच्या बोयाला बोट घासली तर एक गिरकी. कुणी बघितलेलं नसलं तरीही. आणि शर्यतीच्या नियमांच्या पुस्तकातला पहिला नियम जिंकण्याचा नाहीच. तो आहे, संकटात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करण्याचा.

आता त्या दिवसाचं सांगते. जुलैतला शनिवार होता, दिवसभराची लांब शर्यत. नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन आम्ही परतत होतो. सुकाणूचा दांडा माझ्या हातात. मोठं शीड पूर्ण उजवीकडे उघडलेलं. शिडाच्या तळाला जो आडवा दांडा असतो त्याला बूम म्हणतात. आमच्या बोटीवर तो ॲल्युमिनियमचा, माणसाहून बराच लांब. ऊन होतं. मागे वारा वाढलाय हे आम्हा कुणालाच कळलं नाही. बाई दोरी सोडवायला उठून उभ्या राहिल्या, आणि नेमकं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कारण एक अजस्र कंटेनरचं जहाज वळण घेऊन आत येत होतं. मान वळली तशी हातही वळला. तेवढंच पुरलं. वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरला आणि बूम सपकन डोक्यावरून या टोकापासून त्या टोकाला गेला. बाईंनी हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. हाडाचा आवाज मी ओळखते. तो आला. बाई खाली कोसळल्या आणि त्यांची शुद्ध गेली.

बोटीवर दोन नर्सा आणि एक सुईण. मोडलेला हात, बेशुद्ध माणूस, यातलं आम्हाला सगळं येत होतं. सुईणीने मान धरली, श्वास बघितला, उशीने हात बांधला. पण बोट थांबवता कुणालाच येत नव्हती! इंजिन बाईच सुरू करायच्या. आधी किल्ली अर्धी फिरवून ते तापवायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. फिरवतोय, ते सुरू होत नाही. रेडिओ बाईच हाताळायच्या. शीड बाईच उतरवायच्या. आम्ही तीन महिने बोटीवर होतो आणि प्रत्येकीला आपापलं एकच काम येत होतं.

माझ्या आईच्या बचत गटाची मला नंतर फार आठवण झाली. दप्तर एकीच्याच पिशवीत, बँकेचं तिलाच माहीत, सह्यांपुरत्या बाकीच्या. ती बाळंतपणात अडली तेव्हा दोन महिने गटाचा हप्ता कुणाला भरता आला नव्हता. तेव्हा मी आईला केवढी बोलले होते!

शिडं फडफडत होती आणि पाणी आम्हाला जहाजांच्या खोल मार्गाकडे नेत होतं. तिथे कायदा असा आहे, की दीडशे मीटरहून लांब जहाजाच्या पुढे एक हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर लहान बोटीने यायचंच नाही. त्या जहाजाला लगेच थांबताही येत नाही. त्याने भोंगा दिला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच छोटे भोंगे म्हणजे, "तुम्ही काय करताय ते मला कळत नाही." खरं सांगू? आम्हालाही कळत नव्हतं.

केरळची मैत्रीण आत गेली. रेडिओशेजारी बाईंनी एक कार्ड चिकटवलेलं होतं. घाबरलेल्या माणसाला वाचता येईल असं, मोठ्या अक्षरांत. हे बटण दाब, सोळा नंबरचा चॅनल लाव, बोटीचं नाव सांग, कुठे आहेस ते आकडे वाच, किती माणसं आहेत ते सांग. तिने ते जसंच्या तसं वाचलं. तिचा आवाज कापत होता, पण किनाऱ्यावरच्या तटरक्षकांनी लगेच उत्तर दिलं आणि ते शांतपणे एकेक प्रश्न विचारू लागले.

एवढ्यात बाईंनी डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. त्यांनी जहाजाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वारा गालावर घे. उथळ पाण्याकडे चल."

उथळ, म्हणजे ब्रॅम्बल. आमच्या बोटीला तीन फूट पाणी पुरतं. ते जहाज तिथे येऊच शकत नाही. मी डोळे मिटले. आता हसू येतं, पण खरोखर क्षणभर मिटले. वारा डाव्या गालावर आला. दांडा ढकलला, सुईणीने एका हाताने दोरी ओढली, शीड भरलं आणि बोट हलली. मार्गाच्या कडेचा बोया ओलांडून आम्ही बाहेर आलो, तेव्हा ते जहाज मागून गेलं. इमारत चालत गेल्यासारखं. माणूस दिसलं नाही त्यावर एकही.

मग मी वळून बघितलं तर शर्यतीतली एक निळी बोट शिडं उतरवून आमच्याकडे येत होती. ती आमच्या बरीच पुढे होती, त्या दिवशी तिचा पहिला नंबर पक्का होता. तिच्यावरची दोन माणसं आमच्या बोटीवर चढली, त्यांनी शिडं उतरवली, इंजिन सुरू केलं आणि आम्हाला नदीतल्या धक्क्यापर्यंत आणलं. ॲम्ब्युलन्स उभीच होती. क्लबाने नंतर त्या बोटीचे गुण भरून दिले. नियमातच तशी सोय आहे, मदत करणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही. मला तो नियम लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

बाईंच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. पट्ट्या बसवाव्या लागल्या. ऑपरेशनला नेताना मी रडत होते, क्षमा मागत होते. त्यांनी विचारलं, "बोट कुठे बांधलीय?" सांगितलं. "पुढून आणि मागून, दोन्हीकडून?" हो म्हटलं. "मग झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तीन आठवडे बोटीकडे फिरकले नाही. केरळची मैत्रीण बोलवायची, मी ड्यूटी आहे म्हणायचे. एकदा वॉर्डात कुणीतरी सहज विचारलं, भारतातल्या बायका कुठे बोटी चालवतात का? मला राग आला. मी तिला 'तारिणी'चं सांगितलं. आपल्या नौदलाच्या सहा जणी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला परत आल्या. २५४ दिवस. बोटही गोव्यातच बांधलेली, ५६ फुटी. बोलून झाल्यावर लक्षात आलं, मी सांगतेय त्यांचं आणि स्वतः मात्र घरी बसलेय.

परत गेले तर बाईंनी वेगळीच व्यवस्था लावली होती. हात गळ्यात बांधून त्या कोपऱ्यात बसायच्या आणि दर फेरीला वेगळी कप्तान. इंजिन प्रत्येकीने सुरू करायचं, शीड प्रत्येकीने उतरवायचं, रेडिओवर प्रत्येकीने बोलायचं. कुणी पाण्यात पडलं तर काय, याचा सराव जुनी उशी टाकून. एकीने फक्त बोट दाखवत राहायचं, पडलेल्यावरून नजर हटवायची नाही, दुसरं काही करायचं नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि क्षणात हरवतं. पहिल्या दिवशी आम्ही तीनदा उशी हरवली.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी कप्तान मी होते. पाठीमागून वारा आला तेव्हा तळहाताला घाम फुटला, पण यावेळी बूमला दोरी बांधून घेतली होती आणि सगळ्यांना खाली बसवलं होतं. बाईंनासुद्धा. एका बोयाला बोट हलकेच घासली. कुणी बघितलं नव्हतं. बाई आकाशाकडे बघत होत्या. मी एक गिरकी घेतली, त्यात दोन बोटी पुढे निघून गेल्या.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा अंधारत आलं होतं. किनाऱ्यावरून भोंगा वाजला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण ती जागी होती.

"भोंगा कसला गं? पयला नंबर आला का?"

"नाही गं. शेवटून दुसरी."

"मग वाजिवला कशाला?"

"पोचेल त्या प्रत्येकीला वाजवतात, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाईंचा हात कसा हाय? त्यास्नी दे फोन."